उष्म्याच्या वाटा : लष्करचा वाडा, वाळ्याचा पडदा आणि वाफेची गाडी

ग्वाल्हेरच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तोमरांचा किल्ला, मोगलांचा बंदिखाना, शिंद्यांची गादी, ख्यालगायकीचे घराणे, १८५७ चा रणसंग्राम या विषयांवर ग्रंथ आहेत, लेख आहेत, आणि आपल्या घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या आठवणीही आहेत. परंतु या नगरीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसाला दर वर्षी चैत्रापासून आषाढापर्यंत ज्या एका प्रतिपक्षाशी झुंज द्यावी लागली, तो उन्हाळा मात्र इतिहासलेखकांच्या लेखणीखाली क्वचितच आलेला दिसतो. वास्तविक आपल्या पूर्वजांचे घर कसे बांधले गेले, दिनक्रम कसा ठरला, दरबार कोठे व केव्हा हलला, पाणी कशात साठविले गेले, या साऱ्यांमागे उष्म्याचा विचार होता. तो विचार येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे.

प्रारंभी शास्त्राची दोन वाक्ये सांगणे आवश्यक आहे. उष्णता आपणहून नेहमी उष्ण वस्तूकडून शीत वस्तूकडे जाते. उलट दिशेने तिला न्यावयाचे तर बाहेरून काम करावे लागते. आणि तिला जाण्याच्या वाटा तीन आहेत. पदार्थाच्या कणाकणांतून ती पुढे सरकते, तेव्हा ते वहन. तापलेली हवा किंवा तापलेले पाणी स्वतःच वर चढते व तिच्या जागी थंड हवा येते, तेव्हा ते अभिसरण. मध्ये कोणतेही माध्यम नसतानाही सूर्यापासून पृथ्वीपर्यंत ती येते, तेव्हा ते प्रारण. महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या मुलाला हे तीन शब्द ठाऊक असतात. आपली ग्वाल्हेरची मुले हेच तीन शब्द चालन, संवहन आणि विकिरण असे शिकतात. शब्दांच्या दोन्ही जोड्या संस्कृताच्याच पोटी जन्मलेल्या आहेत. आणि आपल्यासारख्या, दोन भाषांच्या उंबरठ्यावर वसलेल्या घरांना त्या दोन्ही आपल्याच वाटाव्यात, यात नवल नाही.

आता इतिहासाकडे वळू. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ कायम केला, तेव्हा या जागेचे नावच ‘लष्कर’ पडले. त्यापूर्वीचा शिंद्यांचा दरबार हा फिरता दरबार होता. इंग्रज रेसिडेंटाच्या तुकडीचा अधिकारी टॉमस ब्रॉटन याने १८०९ सालात या फिरत्या छावणीतून लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून दिसते ते एक चालते नगर आहे : तंबू, कनाती, बाजार, हत्ती, उंट. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचे उत्तरेतील पहिले घर कापडाचे होते. कापडाचा तंबू ऊन अडवितो, पण उष्णता धरून ठेवीत नाही. दुपारी तो भट्टीसारखा तापतो आणि मध्यरात्री थंडीने गारठतो. जानेवारीत पाच अंशांच्या खाली आणि मे-जूनमध्ये पंचेचाळिसाच्या पुढे जाणारा पारा ज्या मुलखात आहे, तेथे तंबूत कायमचे राहणे कोणाला मानवणार? छावणीचे नगर झाले, त्याच्या कारणांत राजकारण मुख्य होते हे खरे. परंतु नगर झाल्यावर त्याच्या भिंती किती जाड असाव्यात, हे ऋतूने ठरविले.

सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेल्या मंडळींनी येथे वाडे बांधले ते देशावरच्या वाड्यांची आठवण मनात ठेवून. चौक, ओसरी, पडवी, माजघर, देवघर ही नावे तीच राहिली. साहित्य मात्र बदलले. देशावर काळा दगड, पांढरी माती आणि सागवान होते. येथे हाताशी होता तो ग्वाल्हेरचा फिकट वालुकाश्म. त्याच्या लांबच लांब पटिया टाकून छते घातली गेली, त्याच्याच जाळ्या कोरल्या गेल्या. भिंती मात्र येथेही जाडच राहिल्या. वाड्याची भिंत दीड हात, कधी दोन हात जाड असे. पुढच्या पिढ्यांना वाटले की ही भिंत चोराचिलटांच्या भयाने किंवा वरच्या मजल्याच्या भारासाठी जाड केली आहे. ती दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु तिचे तिसरे काम कमी मोलाचे नव्हते.

फ्रान्समधील जोसेफ फूरिये या गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेच्या वहनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. दिवसाची उष्णता भिंतीत कशी शिरते, हे त्याच्या गणिताने काढता येते. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग दिवसा तापतो व रात्री निवतो. ही चढ-उतार एखाद्या लाटेप्रमाणे आत सरकत जाते, आणि सरकता सरकता क्षीण होते. दगड-मातीच्या सुमारे अर्धा मीटर जाडीच्या भिंतीतून ही लाट पार व्हावयास अकरा-बारा तास लागतात, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत तिचा जोर विसाव्या हिश्श्यावर आलेला असतो. अर्थ असा, की दुपारी दोनचे ऊन माजघरात रात्री एक-दोनच्या सुमारास पोहोचते, आणि तेही अगदी मंद होऊन. त्या वेळी माजघरात कोण असे? घरची सारी मंडळी गच्चीवर पाणी शिंपडून, बाजा टाकून झोपलेली असत. पुरुषमंडळी एका बाजूस, लेकीसुना व मुले दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये पाण्याची सुरई. भिंतीने धरून ठेवलेली उष्णता रिकाम्या घरात उतरे, आणि पहाटे दारे-खिडक्या उघडल्या की गार वाऱ्याबरोबर निघून जाई. सूर्य वर चढताच आजी सगळी दारे लावून घेण्याची आज्ञा करी. फूरियेचे नाव तिच्या कानी कधी पडले नसेल, परंतु लाट केव्हा आत घ्यावयाची आणि केव्हा अडवावयाची, याचे वेळापत्रक तिच्यापाशी होते.

गच्चीवरची रात्र गार का वाटते, याचेही एक शास्त्र आहे. मोकळ्या आकाशाखाली ठेवलेली प्रत्येक वस्तू प्रारणाने आपली उष्णता वर आकाशात सोडीत असते. ढग नसतील, हवा कोरडी असेल, तर परत येणारी उष्णता थोडी असते. म्हणून गच्चीची फरशी, अंगावरची चादर, सुरईचा गळा हे सारे आसपासच्या हवेहूनही अधिक थंड होतात. याच तत्त्वावर उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करीत असत. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने अलाहाबादेकडील ही रीत पाहून १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीत उथळ खड्डे खणावयाचे, त्यांत उसाची चिपाडे किंवा कडब्याचा थर पसरावयाचा, त्यावर मातीची सच्छिद्र उथळ ताटे ठेवून त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतावयाचे. पहाटे ताटांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे, आणि तो हवेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत न उतरताही धरलेला असे. खालच्या चिपाडांनी जमिनीची उष्णता अडविली, वरच्या आकाशाने पाण्याची उष्णता ओढून घेतली, आणि सच्छिद्र मातीतून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने त्यास हातभार लावला. विल्यम वेल्स याने १८१४ साली दवावर निबंध लिहून रात्रीच्या या थंडाव्याची मीमांसा केली. तोवर ताटे मांडणारी माणसे मात्र पिढ्यान्पिढ्या आपले काम करीत आलेली होती.

भिंतीत जसा दिवस उशिरा पोहोचतो, तसा जमिनीत सारा उन्हाळाच उशिरा पोहोचतो. मातीच्या जातीप्रमाणे सात ते दहा मीटर खोलीवर उष्णतेची वार्षिक लाट जवळजवळ सहा महिने मागे असते. अर्थात् तेथे उन्हाळ्याचा स्पर्श हिवाळ्यात होतो, आणि तोही नाममात्र. म्हणून खोल तळघराचे तापमान वर्षभर जवळपास एकच राहते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर याने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिराचे दोन मजले जमिनीच्या वर आणि दोन खाली आहेत. खालच्या गोलाकार दालनांत हवा-उजेडासाठी ठेवलेले झरोके व मार्ग आजही दाखविले जातात. वरची तापलेली हवा उंच मार्गाने निघून जावी आणि तिच्या जागी दुसरी यावी, ही अभिसरणाची योजना होय. सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर हा किल्ला पाहावयास आला, तेव्हा मानसिंहाच्या इमारतीची त्याने प्रशंसा केली; तळचा मजला मात्र इतका अंधारा होता की तो मेणबत्तीच्या उजेडात पाहावा लागला, अशी नोंदही त्याने करून ठेवली.

या तळमजल्यांचा पुढचा इतिहास विसरण्याजोगा नाही. मोगलांच्या अमदानीत हा किल्ला राजबंद्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला येथेच कैदेत ठेवून १६६१ साली मारण्यात आले. दाराचा पुत्र सुलेमान शिकोह याचाही अंत येथेच झाला. राणीवशाच्या विसाव्यासाठी जमिनीच्या पोटात नेलेला गारवा पुढे बंदिवानांच्या वाट्यास आला. जी भिंत उष्णता अडविते ती आवाजही अडविते, आणि उजेडही. वास्तूचे शास्त्र निरपेक्ष असते. तिचा उपयोग कोण व कशासाठी करितो, हे शास्त्राने ठरत नाही.

बाबराचा उल्लेख आला आहे, तर त्याची एक तक्रारही सांगितली पाहिजे. हिंदुस्थानात आपणास तीन गोष्टींचा जाच होतो, असे तो लिहितो : उष्मा, झंझावाती वारा आणि धूळ. ज्याने मे महिन्यात ग्वाल्हेरच्या रस्त्यावर लू अंगावर घेतली आहे, त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही. परंतु या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यातच त्याचा उतारा दडलेला होता. हवा जितकी कोरडी, तितके पाण्याचे बाष्पीभवन शीघ्र. आणि पाणी वाफ होऊन जाते ते भोवतालची उष्णता घेऊन जाते. मातीची सुरई पाझरते म्हणून तिच्यातील पाणी गार होते. घाम येतो म्हणून माणूस जगतो. कैरीचे पन्हे मीठ-गुळासह देण्यामागेही हेच आहे, की घामावाटे गेलेले पाणी व क्षार शरीराला परत मिळावेत आणि घाम येण्याचे थांबू नये.

हे तत्त्व दरबारी थाटात आणले ते अकबराच्या काळी. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे की बादशहाच्या आज्ञेने खस नावाच्या सुगंधी मुळांच्या खोल्या बनविल्या जाऊ लागल्या, त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरे. ही खस म्हणजेच आपला वाळा. त्याच ग्रंथात पाणी गार करण्याची आणखी एक कृती आहे. जस्त-कथलासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी घालून तिचे तोंड बंद करावयाचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी एकत्र करून त्यात ती सुरई पाव तास फिरवावयाची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, आणि ती उष्णता धातूच्या पातळ भिंतीतून वहनाने येते. ज्या सोऱ्याने तोफेची दारू पेट घेते, त्याच सोऱ्याने पाणी गार व्हावे, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले. या मोठ्या ग्रंथकाराचा १६०२ साली शाहजादा सलीमच्या इशाऱ्यावरून वीरसिंह बुंदेल्याने वध केला. त्याची कबर ग्वाल्हेरपासून दक्षिणेस काही कोसांवर, आंतरी येथे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण झाशीकडे जाताना तिच्या जवळून जातात. उन्हाळ्यात तेथून जाताना त्या सोऱ्याच्या सुरईची आठवण ठेवावी.

वाळ्याचे पडदे, ज्यांस येथे सर्व जण खसाच्या टट्ट्या म्हणत, ते पुढे सरदारांच्या वाड्यांत, कचेऱ्यांत आणि हळूहळू मध्यम स्थितीच्या घरांतही आले. पश्चिमेच्या दारास ही टट्टी लावावयाची, भिश्त्याने मशकीतून तिच्यावर पाणी मारावयाचे, आणि बाहेरची लू तिच्यातून आत यावयाची ती गार व सुगंधी होऊन. त्याचा हिशेब मांडला तर थक्क व्हावयास होते. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना जितकी उष्णता शोषली जाते, तितक्याच उष्णतेने सुमारे सात किलो बर्फ वितळतो. साध्या पाण्याच्या एका घागरीत एवढा गारवा साठविलेला असतो. मात्र आषाढ लागून हवा दमट झाली की हा सारा खेळ संपे. पाणी उडेनासे होई, आणि टट्ट्या काढून ठेवल्या जात.

परंतु या हिशेबात एक रकाना बहुधा रिकामा ठेवला जातो. मशक खांद्यावर वाहणारा भिश्ती बाहेरच्या उन्हात उभा असे. छताला टांगलेल्या मोठ्या पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई, आणि ती ओढणारा माणूसही बाहेरच असे. आतला गारवा पाण्याने आणि वाऱ्याने येई हे खरे. पण ते पाणी आणि तो वारा हलविणारी शक्ती माणसाच्या स्नायूंतून, म्हणजे अखेरीस त्याच्या भाकरीतून येत असे. वाड्याच्या सुखद आठवणी सांगताना आपण या माणसांची नावे सांगू शकत नाही, कारण ती कोणी लिहून ठेवली नाहीत. ऊर्जेचे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे हा सृष्टीचा नियम आहे; ते ओझे कोणाच्या खांद्यावरून जावे, हा मात्र समाजाचा निर्णय असतो.

एकोणिसाव्या शतकात थंडीचाही व्यापार सुरू झाला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तळ्यांवरचा १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरीही सुमारे शंभर टन बर्फ शाबूत पोहोचला. त्याचे रहस्य लाकडाच्या भुशात होते. भुशाच्या कणांत अडकलेली हवा हलू शकत नाही, म्हणून अभिसरण थांबते. आणि स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे, म्हणून वहनही थांबते. लग्नकार्यासाठी आणलेली बर्फाची लादी भुशात घोळून गोणपाटात गुंडाळलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. बर्फाच्या या व्यापाराने आपल्या भाषेला एक मापही दिले. आज आपण ‘दीड टनाचे’ वातानुकूलन यंत्र म्हणतो, त्यातला टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी ओढण्याची शक्ती म्हणजे एक टन.

येथवर आपण उष्णतेची जागा बदलताना पाहिली. तिचे रूपच बदलते, हा विचार रूढ होण्यास बराच काळ लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडण्याच्या कामावर देखरेख करीत होता. तोफेचे धातू घासले जाऊन इतके तापे, की भोवती ठेवलेले पाणी अडीच तासांत उकळू लागले. आणि घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहिली. म्हणजे उष्णता हा धातूत साठविलेला कोणी द्रव नव्हे, ती गतीतूनच जन्मते, असा निष्कर्ष त्याने १७९८ साली मांडला. याच दशकाच्या आरंभी महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात द बॉयनच्या फौजेसाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या हाताखाली तोफा ओतल्या जात होत्या. तापलेला धातू तेथेही होता, आणि कुशल हातही होते. परंतु आपल्याकडे त्या काळी कारखाना आणि अभ्यासिका यांच्यामध्ये दार नव्हते. पुढे १८४० च्या दशकात जेम्स जूल याने पडत्या वजनाने पाणी घुसळून, किती कामाने किती उष्णता निघते याचे मोजमाप केले, आणि ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप पालटते, हे तत्त्व दृढ झाले.

हे तत्त्व लोखंडी चाकांवर बसून ग्वाल्हेरला आले. जयाजीरावांच्या काळी, दरबाराच्या पैशाच्या साहाय्याने झालेला आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्ग १८८१ साली सुरू झाला. त्यानंतर माधवराव महाराजांनी आपल्या राज्यात दोन फूट रुंदीच्या लहान गाडीचे जाळे विणले. शिवपुरीकडे, भिंडकडे आणि १९०९ पर्यंत श्योपूरकडे. श्योपूरची वाट सुमारे दोनशे किलोमीटरांची. इतक्या अरुंद रुळांवरून इतका लांब प्रवास जगात अन्यत्र क्वचितच होत असे. या गाडीचे इंजिन समजावून घ्यावयाचे असेल, तर आपल्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवावा. मध्ये विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी. विस्तवाची उष्णता नळीच्या भिंतीतून वहनाने पाण्यात जाते, आणि तापलेले पाणी अभिसरणाने वर चढते. इंजिनाच्या बाष्पकात अशा अनेक नळ्या असतात, आणि वाफेस मोकळे जाऊ न देता तिच्याकडून दट्ट्या ढकलून घेतला जातो. बंब देशावरून आपल्याबरोबर आला, इंजिन समुद्रापलीकडून आले. दोघांची जात एकच.

मात्र वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या शंभर भागांपैकी दहा भागही चाकांपर्यंत पोहोचत नसत. बाकीची उष्णता धुराड्यातून व वाफेतून हवेत जाई. फ्रान्सच्या सादी कार्नो याने १८२४ सालीच दाखवून दिले होते, की उष्णतेपासून काम घ्यावयाचे तर तिचा काही अंश थंड बाजूस सोडून द्यावाच लागतो. कितीही कुशल कारागीर आला तरी हा कर चुकत नाही. माधवरावांना यंत्रांची हौस दांडगी होती. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर धावणारी त्यांची चांदीची लहानशी विजेची गाडी आजही प्रेक्षकांचे आकर्षण आहे. डब्यावरची सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की चालू लागे. १८७४ साली पूर्ण झालेल्या त्याच प्रासादाच्या दरबार दालनात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. दालनाची उंची चाळीस फुटांच्या घरात आहे. दिव्यांची व माणसांची उष्णता वर चढून मस्तकापासून दूर राहावी, एवढा लाभ त्या उंचीने आपोआप साधे.

आणि एवढे करूनही उन्हाळा आटोपेना, तेव्हा दरबाराने आणखी एक उपाय योजिला. उष्मा हलवता येत नसेल तर आपणच हलावे. शिवपुरीच्या टेकड्या आणि तलाव हे शिंद्यांचे उन्हाळ्याचे ठिकाण झाले, आणि लहान गाडी कचेऱ्यांचे दप्तर व माणसे घेऊन तिकडे जाऊ लागली. ग्वाल्हेरची उष्णता कमी झाली नाही. ज्यांना जाणे शक्य होते त्यांच्यापुरती ती दूर राहिली, एवढेच.

ही लहान गाडी २०२० साली बंद झाली, आणि श्योपूरच्या वाटेवर रुंद रूळ टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. वाडेही एकेक करून उतरत आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-बेंगळुरास किंवा परदेशी गेली, जाड भिंतींची डागडुजी परवडेनाशी झाली. यात कोणास दोष देण्याजोगे काही नाही. त्यांच्या जागी सिमेंटची चार मजली घरे उभी राहतात. त्यांच्या भिंती नऊ इंची, कधी साडेचार इंची असतात. दुपारचे ऊन त्यांतून चार-पाच तासांत, क्वचित त्याहूनही आधी आत येते, म्हणजे नेमके संध्याकाळी, माणसे घरी परततात तेव्हा. मग यंत्र लावणे भाग पडते. दीड टनाचे यंत्र खोलीतून ताशी जेवढी उष्णता बाहेर काढते, तेवढी आठ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनानेही गेली असती. यंत्र ती बाहेर टाकते, आणि शिवाय स्वतः वापरलेल्या विजेची उष्णताही तीत मिसळते. ती जाते कोठे? समोरच्या गल्लीत. त्या गल्लीत भाजीची गाडी लावणारा, दुपारी शाळेतून परतणारे मूल, आणि ज्याच्या घरी यंत्र नाही असा शेजारी असतो. पूर्वी पंख्याची दोरी भिंतीबाहेर जात असे. आता यंत्राचा उष्ण वारा जातो. भिंतीच्या पलीकडे कोण आहे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

यावर जुन्याकडे परत फिरा असा उपदेश आम्ही करणार नाही. पंचेचाळीस अंशांत वृद्ध आईवडिलांना यंत्राविना ठेवा, असे म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु काही गोष्टी आपल्या हातात आहेत. गच्चीला चुन्याचा पांढरा लेप दिला तर ऊन परावर्तित होते. हा उपाय स्वस्त आहे आणि आपल्या आजोबांना ठाऊक होता. पश्चिमेच्या भिंतीवर वेल किंवा जाळी असावी. कूलरमध्ये वाळ्याची मुळे घालणारी घरे येथे अद्याप आहेत. ती खसाच्या टट्टीची वारसदार होत, आणि कोरड्या वैशाखात यंत्राच्या मानाने फारच थोड्या विजेत काम भागवितात. नवे घर बांधणाऱ्याने वास्तुविशारदाला भिंतीचा रंग विचारतो तितक्याच आस्थेने तिची जाडीही विचारावी.

दुसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांसाठी. २०२० साली ग्वाल्हेर व ओरछा यांची युनेस्कोच्या ऐतिहासिक नागरी भूदृश्याच्या उपक्रमासाठी निवड झाली. अशा उपक्रमांत दर्शनी भाग, कमानी, कोरीव सज्जे यांची नोंद होते, आणि ती व्हावीच. परंतु आपल्या वाड्यांचे दर्शनी भाग पुष्कळदा साधे आहेत. त्यांचे वैशिष्ट्य भिंतीच्या पोटात, चौकाच्या मापात, तळघराच्या झरोक्यात आणि दारे केव्हा उघडावी या रिवाजात आहे. छायाचित्रात ते दिसत नाही. म्हणून आपल्या घराण्यांच्या वंशावळी जशा आपण जपून ठेवतो, तशी आणखी एक नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे : वाडा उतरविण्यापूर्वी त्याच्या भिंतीची जाडी मोजावी, चौकाची लांबी-रुंदी लिहावी, तळघर असल्यास त्याची खोली व झरोक्यांची दिशा टिपावी, मे महिन्याच्या एका दुपारी माजघरातले आणि गच्चीवरचे तापमान पाहून ठेवावे. एक फूटपट्टी, एक तापमापक आणि अर्धा दिवस एवढेच त्यास लागते. घरातील वडीलधाऱ्यांना दिनक्रम विचारून तोही लिहून घ्यावा, कारण भिंत मागाहूनही मोजता येईल, रिवाज सांगणारे माणूस मात्र पुन्हा भेटणार नाही.

आपले पूर्वज या मुलखात आले ते तलवार, लेखणी आणि देव्हारा घेऊन. उन्हाळा त्यांना येथे भेटला, आणि तोमर, मोगल व बुंदेले यांच्या भूमीत आधीपासून असलेले शहाणपण त्यांनी देशावरच्या वाड्यात सामावून घेतले. तो दोन परंपरांचा संगम दोनशे वर्षे टिकला. तो कागदावर तरी उतरवून घेणे हे आपल्या पिढीचे काम आहे, आणि ते येत्या उन्हाळ्यातच सुरू करता येईल.